अकरा हातांवरचा फोन

नवराबायकोचं फोनवरचं बोलणं सगळ्या वाडीने ऐकावं, अशी सोय आमच्या तुडीलमध्ये पूर्वी नव्हती. ती शेजारच्या प्रयागबाईंनी केली. त्यांची सून स्नेहल गरोदर, मुलगा साहिल मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. मोबाईलच्या लहरींनी पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, असं प्रयागबाईंनी कुठेतरी ऐकलं आणि त्या घराला नऊ महिन्यांचं ग्रहणच लागलं.

स्नेहल त्यांना महाडला सुमेधा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं, की प्रयोग बरेचसे उंदरांवर झालेत, माणसांच्या बाबतीत तसं काही सिद्ध झालेलं नाही. फारच काळजी वाटत असेल तर स्पीकर लावा आणि फोन पोटापासून जरा लांब धरा. प्रयागबाईंनी त्यातलं 'लांब' तेवढं घरी आणलं.

झालं. अंगणाच्या टोकाला आमच्या सामाईक दगडी गडग्यापाशी फोन, आणि अकरा हातांवर पडवीत स्नेहल. स्पीकरचा आवाज तिथवर पोचेना, म्हणून मध्ये प्रयागबाई. साहिलचं बोलणं त्या सुनेला ओरडून सांगत, आणि सुनेचं फोनमध्ये ओरडत. एकदा त्यांनी हाळी दिली, "तो ईचारतो, आठवण येते काय गो?" स्नेहल लाजून आत पळाली. येते म्हणून सांगा, असं मीच गडग्यावरून कळवलं. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं गोळ्या, जेवण आणि म्हशीवर आलं. पोरीला नवऱ्याशी चार शब्द बोलायचे असत, ते रोज तसेच राहत. मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

नववा लागला. मूल पायाळू आहे, बहुतेक ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. साहिलला कळवलं, तर त्याचं म्हणणं, त्यात काय, हल्ली सगळ्यांचंच होतं. रजा बारशाला टाकलीय. प्रयागबाईंनी हे जसंच्या तसं पडवीत पोचवलं.

स्नेहल काहीतरी पुटपुटली. ऐकू येईना, म्हणून प्रयागबाई फोन गडग्यावर ठेवून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या तोंडाशी कान नेला. परत आल्या त्या सावकाश. फोनमध्ये त्या पहिल्यांदाच ओरडल्या नाहीत. मी गडग्याच्या अलीकडे सुपात आमसुलं निवडत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बारशाला नको, आत्ताच ये रे. भीती वाटते."

"स्नेहलला?"

"आमाला दोघींना."

प्रयागबाईंनी फोन उचलला, अंगण ओलांडलं आणि तो सुनेच्या हातात दिला. पोटापासून लांब धर आणि काय ते बोल, एवढं सांगून त्या गोठ्याकडे निघून गेल्या.

निम्मी आमसुलं निवडायची राहिली होती. तरी मी सूप उचललं आणि घरात गेले.