उशाला बसणारा डॉक्टर

धुळाजी बाजेवर आडवा झाला अन् लगेच उठून बसला.

"उशाला कामून बसले, डॉक्टर? असं मड्याच्या बसतेत."

"माझं तोंड दिसलं की तुम्ही अडखळाल," बद्रीनाथ डॉक्टर म्हणले. "पडा. मनात येईल ते बोला. काही गाळू नका."

कलकत्त्याला मनाची डॉक्टरकी शिकून आलेला हा माणूस ना नाडी बघायचा, ना पुडी द्यायचा. अख्ख्या मोगलाईत असा डॉक्टर कोणी पाह्यला नव्हता. पण धुळाजीचा उजवा हात बाप मेल्यापासून मिटतच नव्हता. कातर धरता येईना. हाड बराबर, नस बराबर, असं सरकारी दवाखान्यात म्हणले. औंदा लोकर कातरली न्हाई, तर पंच कळप चुलतभावाला देणार व्हते.

मंग तो दर बाजारच्या दिशी जालन्याला येत राह्यला. कडूबाई, त्याची बायको, बाहेर लिंबाखाली बसायची. आधी त्यानं नुसती मेंढरं सांगितली. मंग सपनं. डॉक्टरचं एकच, "हं."

एकदा डॉक्टर उशिरा आले, अन् आल्यावर बी नुसतं "हं." धुळाजी पेटला.

"तुमचं बी आमच्या म्हाताऱ्यावानीच! बोलून बोलून माणसाचा गळा सुकला, तरी तोंडातून शब्द न्हाई!"

हात वर गेला. मूठ वळली व्हती. दोघांनी बी बघितली.

"कोणाला मारायचंय?" डॉक्टरनं बसल्या जागीच विचारलं.

धुळाजी लई वेळ मुठीकडं बघत राह्यला.

"बापावर उगारला व्हता. मी वाढवलेला मेंढा त्यानं न विचारता विकला म्हणून. त्याच राती म्हातारा गेला."

हात काही लगेच बरा झाला न्हाई. तेच तेच सांगावं लागलं, कधी रडून, कधी डॉक्टरलाच शिव्या घालून. दिवाळीच्या आत कातर चालू लागली.

"आता यायची गरज नाही," एक दिवस डॉक्टर म्हणले.

"मंग माझं कोण ऐकल?"

डॉक्टरनं दार उघडलं. धुळाजीनं पटका बांधला.

"तुमी मागं उशाला बसले म्हणून उगीच भ्यालो व्हतो. मेंढका बी कळपाच्या मागूनच चालतो. पुढं गेला तर लंगडतंय कोण, ते दिसत न्हाई."

बाहेर कडूबाई पदर सावरून उभी राह्यली. तो पुढं निघायची वाट बघत, रोजच्यासारखी.

"तू हो पुढं."

"येडे झाले का? लोक काय म्हणतील?"

"हो पुढं. अन् बोल."

"काय बोलू?"

"येईल ते."

ती चालली. जालन्याची शीव ओलांडली. मागं धुळाजी, काठी खांद्यावर. मंग तिचं पाऊल हळू झालं.

"मामंजी गेले त्या राती," ती म्हणली, "त्यांनी मला हाक मारल्ती."

धुळाजीच्या तोंडाशी सवाल आल्ता. त्यानं तो गिळला.

"हं," तो म्हणला.