तिसरा प्रश्न

रोग झालेली माणसं माणसांना फाडून खात होती. शेवगावच्या बंद दूध केंद्रात मी त्यावर औषध शोधत होतो. सातवी लस मी रोग झालेल्या माझ्याच बायकोला, साळूला टोचली.

नियम माझाच होता. रक्ताचा निकाल यायला दिवस लागे, तोवर तीन उत्तरं आली तरच रोगी बरा. बरे न झालेले दोन उत्तरं देत आणि तिसऱ्याला दात विचकून झडप घालत. दारात माझा मदतनीस अंगद बंदूक घेऊन उभा होता.

"माहेर कुठलं?"

"कर्जत."

"लेकीचं नाव?"

"सृष्टी."

"माझं नाव?"

तिने पदर डोक्यावर ओढला आणि हसली.

"सर, दात दाखवतीया! मागं सरा!"

मी मागे सरलो. अंगदने गोळी झाडली.

तिचं रक्त तपासलं. रोग नव्हता.

चाळीस वर्षांत उखाण्याशिवाय तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

औषध आता सगळ्यांना देतो. तिसरा प्रश्न मी खोडून टाकला.