मोराची मान

रूपाबाईच्या डाव्या हातावरचा मोर आखाडा बाळापूरच्या बाजारात गोंदलेला. लग्नाआधी, थोरल्या बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून, दात आवळून. तांड्यावरच्या बाया म्हणतात, सोनंनाणं इथंच राहतं, वर फक्त गोंदण सोबत येतं. बहीण कधीच पुढं गेली होती. मोर दिसला नाही तर ती आपल्याला ओळखायची कशी, असं रूपाबाईनं मनाशी धरलेलं.

आणि नेमकी मोराच्या मानेलाच गाठ आली. वाढता वाढता लिंबाएवढी झाली, ठणकू लागली.

नात मिना हिंगोलीला सर्जन. तांड्यातली पहिली डॉक्टरीण. म्हणाली, "दादी, काढावीच लागंल."

"काढ. पण मोर मोडला तर माझ्याशी बोलू नको." रूपाबाईनं पदर सारून पोट दाखवलं. जुन्या ऑपरेशनचा व्रण दोरीसारखा फुगला होता. "असा दोरखंड त्याच्या गळ्यात नको."

"व्रण राहणारच. बारीक राहावा म्हणून तुझंच रक्त वापरून पाहू. हमी देत न्हाई."

शेजारच्या शकुंतलाबाईला हे कळायचा अवकाश! "नातीच्या हौसेपायी गोंदण कापून घेऊन राहिली. वर जाऊन काय दाखवशील, पट्टी?"

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला. रूपाबाई टक्क जागी. मिनानं उजव्या हातातून रक्त काढलं, नळीत भरून यंत्रात गरगर फिरवलं. नळी बाहेर आली तेव्हा खाली लाल, वर पिवळसर पाणी. मिना पिवळं तेवढं सुईत ओढू लागली.

"अगं, लोणी टाकून ताक काहून घेतलंस?"

"उलटं हाय, दादी. जखम भरणाऱ्या पेशी ह्या पिवळ्यातच असतात. लाल तळाला बसतं."

"मग बराबर हाय. लोणी वरच येतं."

नर्स तोंड दाबून हसली.

गाठ निघाली. मिनानं ते पिवळं जखमेच्या कडांत सोडलं आणि टाके घालायला घेतले, गोंदणाच्या ठिपक्याला ठिपका जुळवत. रूपाबाईनं जखमेकडं पाहिलंच नाही. मास्कवरचे डोळे पाहत राहिली. ह्याच लेकराला सोयाबीनच्या ढिगाआड निजवून आपण खळं करायचो. आता ते डोळे पापणी न लववता तिचा मोर सांधत होते.

श्रावणात तीजेच्या सणाला तांड्यावरच्या बाया जमल्या. रूपाबाईनं सगळ्यांदेखत हात पुढं केला. व्रण शोधावा लागला. केसासारखी फिकट रेघ.

शकुंतलाबाईनं हात उजेडात धरून निरखला. "मान आखूड झाली की गं मोराची!"

रूपाबाईनंही वाकून पाहिलं. खरंच झाली होती. गाठीबरोबर थोडी कातडी गेलेली.

"होऊ दे," ती म्हणाली. "बहिणीनं इचारलं तर सांगीन, मधला टाका माझ्या नातीचा हाय. गोंदणारीला तरी असा हात होता का?"

शकुंतलाबाई जवळ सरकली, आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या बी पाठीवर एक गाठ हाय. इचारतीस का मिनाला?"

"इचारते. पण तिथं मिना म्हणायचं न्हाई," रूपाबाई ताठ बसून म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणायचं."