मनोरेवालीचं घमेलं

टेकडीवरच्या मनोऱ्याला लिफ्ट बसली आणि मनोरेवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

मनोरेवाली म्हणजे खालच्या गल्लीतली एक म्हातारी. तरुणपणी तिने त्या मनोऱ्याच्या बांधकामावर घमेली वाहिली होती. मनोरा उभा राहिला, गावाची खूण झाला. पत्ता सांगायचा तर लोक आधी मनोऱ्याकडे बोट दाखवायचे आणि मग गल्ली सांगायचे. हिला नाव पडलं ते तेव्हाच. आता असं नाव पडलं की लोक विचारणारच, वरून काय दिसतं हो? म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं. समुद्र दिसतो म्हणाली. जहाजं दिसतात, काड्यापेटीएवढाली.

नातीला तर तिने या समुद्रावरच वाढवलं. पोर जेवत नाही, सांग समुद्र. झोपत नाही, सांग समुद्र. वर जाऊन आलेल्या पोरांनी शाळेत सांगितलं, समुद्रबिमुद्र काही नाही, तर ही त्यांच्याशी मारामारी करून आली. माझी आजी खोटं बोलत नाही म्हणे. आणि वर जाईन तर आजीबरोबरच, असा हट्ट धरून बसली. त्यावर आजी आपली गुडघ्यावर हात ठेवायची. गुडघ्यांनी इतकी वर्षं इमानेइतबारे अब्रू राखली होती.

आता नात बस चालवते. सुट्टीच्या दिवशी सकाळीच येऊन उभी राहिली. "लिफ्ट आहे. गुडघ्यांचं नाव काढायचं नाही."

म्हातारीने वारा आहे म्हणून पाहिलं, चप्पल चावते म्हणून पाहिलं. शेवटी आलिया भोगासी म्हणत निघाली. या पोरीने आपल्यासाठी मार खाल्लाय, आणि आज हिच्या डोळ्यांदेखत आपण उघडे पडणार.

लिफ्टचं दार उघडलं. वारा अंगावर आला. म्हातारी बाहेर आली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत उभी राहिली. एक हात आपोआप डोक्यावर गेला.

"आजी, वर बघ ना."

"नाही जमत गं."

"चक्कर येते?"

"नाही. मी कधी बघितलंच नाही. डोक्यावर घमेलं असलं की नजर पायावर, असा मुकादमाचा दम होता. बाहेर बघितलं की तोल गेलाच. वरचा गडी भरलेलं उतरवून घ्यायचा, रिकामं हातात द्यायचा, की निघाले खाली. समुद्र मी मनचाच सांगितला तुला."

म्हातारीला त्या पोरीचे नुसते बूट दिसत होते.

"म्हणजे शाळेत मी उगाच मार खाल्ला," नात शेवटी म्हणाली.

"हो."

बूट जवळ आले. नातीने दोन्ही हात म्हातारीच्या डोक्यावर नेले, तिथं नसलेलं घमेलं कडांना धरून उचललं, वजनाने कण्हल्यासारखं केलं आणि वाकून अलगद जमिनीवर ठेवलं.

"घेतलं," ती म्हणाली. "बघ आता."

म्हातारीने मान वर केली.

खाली गाव होतं, सगळं एका ताटात मावेल एवढं. पुढे नदी, आणि ती एकच नव्हती. तिला दुसरी येऊन मिळत होती, हे गावात राहून कधी कळलंच नव्हतं. त्यापुढे शेतं, रानं, डोंगर, डोंगरांमागे आणखी डोंगर, फिके होत होत शेवटी आभाळातच गेलेले. एका डोंगरावर ऊन होतं आणि शेजारच्यावर पाऊस पडत होता. नजरेला अडायला कुठे जागाच नव्हती. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हे तेव्हाही इथंच होतं?"

"इथंच होतं."

"समुद्र नाहीये गं."

"नसू दे," नात म्हणाली. तीही कठड्याला टेकली होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

बराच वेळ गेला. मागून लिफ्टवाल्याने हाक मारली, "आजी, चला खाली, बाकीचे खोळंबलेत."

म्हातारीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांब रे बाबा," ती म्हणाली. "तेव्हा वर आले की लगेच खाली पाठवलंत. आज नाही जायची."