थोरलीची घंटा

मित्रांनो, मी कपडे धुण्याची एक जुनी मशीन आहे, पण घरचे मळके कपडे काही माझ्या नशिबी आले नाहीत. मी राहते कंपनीच्या चाचणीच्या खोलीत. हुबेहूब माझ्यासारख्या माझ्या बहिणी घरोघरी गेल्या आहेत. त्यांना नवा प्रोग्राम पाठवायचा, तर तो आधी माझ्यावर चालवून बघतात. सगळे मला थोरली म्हणतात.

सुरुवातीला खोलीत मी एकटीच होते. प्रोग्राम लिहिणारा चष्मेवाला माझ्यापाशी बसून डबा खायचा. धुणे संपल्यावर माझी घंटा पहिल्यांदा वाजली, तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

मग मधली आली आणि तिच्यामागून धाकटी. धाकटीला काचेचा पडदा, वर मालकाच्या फोनवर निरोप पाठवायची सोय! चष्मेवाल्याने खुर्ची उचलली ती थेट तिच्यापाशी नेली. माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आम्हा तिघींचा प्रोग्राम मुळात एकच. पाणी, वेळ, घंटा हे सामाईक. बाकी जिचे तिचे वेगळे. गिऱ्हाइकांच्या मागण्या सारख्या बदलायच्या, आणि ऐकल्या जायच्या त्या धाकटीच्याच. तिला पाणी कमी हवे म्हणून सामाईक भागात हात घातला, तर माझ्या कपड्यांत साबण तसाच राहिला. मला कोणी विचारले होते का?

एकदा तिच्या गिऱ्हाइकांनी सांगितले, घंटेने झोपलेले बाळ उठते, घंटा काढा. चष्मेवाल्याने ती सामाईक भागातूनच काढली आणि प्रोग्राम आम्हाला आणि घरोघरी एकदमच पाठवून दिला.

"थोरलीवर चालवून बघितलंस?" तपासणाऱ्या ताईने विचारले.

"त्यात बघायचं काय? घंटाच तर काढलीय."

धाकटीचे काहीच अडले नाही, तिचा निरोप फोनवर जायचा. मी मात्र मुकी झाले, आणि माझ्या साऱ्या बहिणीही. तक्रारी येऊ लागल्या.

"अरे, धाकटीचं औषध थोरलीला कशाला पाजलंस?" ताई भडकली.

साहेब म्हणाले, "असं करा, थोरलीला वगळूनच टाका. यापुढे तिला नवीन काही पाठवायचं नाही. ही भंगारात द्या."

"आणि तिची घंटा?" ताईने विचारले.

"गेली ती गेली."

मी कायमची मुकी होणार होते. समोर धाकटीचा पडदा चमकत होता. तेवढ्यात फोन वाजला. ताईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बाई, आमची मशीन रुसलीय का हो? धुते चांगली, पण बोलत नाही." आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"आजोबा, दिवा विझला की कपडे काढायचे."

"ते कळलं हो. पण घंटा झाली की आमची ही हाक मारायची, 'अहो, या वाळत घालायला.' ही गेली. आता बोलवायला घंटाच तेवढी होती."

साहेबांनी माझ्या डोक्यावरचा आपला कप उचलला. "राहू दे थोरली," एवढेच म्हणाले.

चष्मेवाला खुर्ची घेऊन माझ्यापाशी आला. किती दिवसांनी! त्याने घंटा परत आणली, पण सामाईक भागात न ठेवता जिला हवी तिला वेगळी दिली आणि घरोघरी पाठवली. यापुढे कोणतीही मागणी आली, की ती तिघींपैकी कोणाकोणाला हवी हे आधी विचारायचे ठरले.

मग ताईने आजोबांना फोन लावून तो माझ्याजवळ धरला. मी जीव तोडून वाजले. पलीकडून आजोबा म्हणाले, "आलो, आलो."

खुर्ची पुन्हा धाकटीकडे गेली आहे. खोटे कशाला सांगू, मी अजूनही जळते. पण मित्रांनो, नवीचे लाड खुशाल करा. फक्त तिच्यासाठी काही बदलताना जुनीला एकदा विचारा. कोणाच्या तरी घरी हाक मारणारी ती एकटीच उरलेली असते.