रुंद पट्टी वर

पद्माकर देवस्थळीचं आणि माझं पटत नाही, हे जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात कुंड्यांना पाणी घालायला येणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं. तो टीमचा हेड, मी टेस्टिंगला. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्याने त्या क्लायंटला जाणाऱ्या मेलमधून गाळायच्या, अशी आमची कामाची वाटणी. दोघंही पुण्याचे, त्यामुळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणून जेवढं लागट बोलता येतं तेवढं बोलायचो.

२००७च्या सप्टेंबरात त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. पद्माकरने दार लावलं की कुणाचं तरी काहीतरी जातं.

"सुधीर, डिसेंबरनंतर तुम्हाला पुण्याला पाठवावं म्हणतोय. बुकॅनन बाई गुरुवारी येतायत. टीममध्ये कोण राहणार ते त्याच ठरवतील. मी आपली तुम्हाला कल्पना देऊन ठेवली."

बुकॅनन बाई म्हणजे एडिंबराच्या विमा कंपनीच्या डायरेक्टर. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट.

"माझ्या मुलीचं आबिटूर आहे," मी म्हटलं. "दीड वर्षाचा प्रश्न आहे."

"पुण्यात काय शाळा नाहीत?"

आता ह्याला काय सांगणार? अन्वी सहाव्या वर्षी इथे आली. मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आबिटूर म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. तिच्या तोंडावर अन्वीला उचलून पुण्यात नेलं तर काय होणार ते मला दिसत होतं. आणि आमचा व्हिसा माझ्या नोकरीला चिकटलेला. मी निघालो की सगळं बिऱ्हाड निघालं.

"आणि हो," पद्माकर म्हणाला, "बाहेर तीन खांब आहेत, तिथे झेंडे लावायचेत. जर्मनीचा, ब्रिटनचा, स्कॉटलंडचा. बाई स्कॉटिश आहेत, खूश होतील. तेवढं बघा. जमेल ना?"

सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासल्यावर मला झेंड्यांचं खातं मिळालं.

मी म्हटलं, बघूच. सोमवारी अख्खी दुपार कंपनीच्या पगारात झेंडे वाचत बसलो, आणि काय सांगू, मजा आली राव! मला इतकी वर्षं वाटायचं, तो युनियन जॅक म्हणजे जिलबी. कुठूनही धरा, सारखाच. पण नाही. त्यातल्या तिरक्या पांढऱ्या पट्ट्या तांबड्या पट्टीच्या एका अंगाला रुंद असतात, दुसऱ्या अंगाला अरुंद. खांबाच्या बाजूच्या अर्ध्या भागात रुंद पट्टी वर यायला हवी. नाही आली तर झेंडा उलटा. शंभरातल्या नव्वद लोकांना ते दिसतही नाही, पण उरलेल्या दहांचं डोकं फिरतं.

आणि स्कॉटलंडचे दोन झेंडे. निळ्यावर पांढरी फुली, तो जनतेचा, कुणीही लावा. दुसरा पिवळा, त्यावर लाल सिंह. दिसायला एक नंबर, पण तो राणीचा. तिकडे परवानगीशिवाय इमारतीवर फडकवला तर चक्क गुन्हा. इथे जर्मनीत कोण पकडतंय, पण येणारी बाई तिकडची.

मी पद्माकरला चार ओळींचा मेल टाकला. रुंद पट्टी वर. फुलीवाला लावा, सिंहवाला नको. सीसीमध्ये एचआरची नीलिमा. सीसी म्हणजे साक्षीदार, हे मी पहिल्याच नोकरीत शिकलो.

पाच मिनिटांत उत्तर. "मी एनसीसीत होतो. शाळेत तीन वर्षं झेंडा मी बांधायचो. मला झेंडे शिकवू नका. हे आता मीच बघतो."

बरं, बघा.

गुरुवारी सकाळी आठला मी मुद्दाम लवकर गेलो. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर, हेर कुंकेल, जर्मनीचा झेंडा चढवून उरलेल्या दोन खांबांच्या दोऱ्या सोडवत उभा होता. पद्माकर सूट घालून आलेला. हातात झेंड्यांची पिशवी आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा पुडा.

"पाकळ्या कशाला?" मी विचारलं.

"झेंडावंदन कधी पाहिलंय का नाही? पाकळ्या घालून घडी बांधायची, वर चढवायची, पाहुण्यांसमोर दोरी ओढायची. झेंडाही उघडतो, फुलंही पडतात. ह्या लोकांनी असलं काही जन्मात पाहिलं नसेल."

ते मात्र खरं होतं.

मग त्याने पिशवीतून पिवळाधमक सिंह काढला. माझ्या पोटात अशी गुदगुली झाली म्हणता!

"ती फुली काय लावायची," तो म्हणाला, "गणित चुकल्यासारखी. हा बघा."

"वा! काय सिंह आहे," मी म्हटलं.

मग युनियन जॅक. कुंकेलच्या लोखंडी पेटीवर पसरून पद्माकर घडी घालायला लागला आणि मध्येच थांबला. झेंडा असा धरला, तसा धरला. माझ्याकडे बघितलं. हा माणूस मला आयुष्यात काही विचारेल असं वाटलं नव्हतं, पण विचारलं.

"सुधीर, ते पट्टीचं काय होतं हो? वर कुठली?"

अरुंद वर होती. मला लख्ख दिसत होतं.

"तुम्ही एनसीसीवाले," मी हसून म्हटलं, "तुम्हाला मी काय सांगणार?"

त्याने कान लाल करून घडी घातली, गाठ मारली. कुंकेल एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही गाठोडी वर गेली. मी कँटीनमध्ये जाऊन दोन कॉफ्या प्यायलो.

दहाला सगळं ऑफिस खाली. टॅक्सीतून बुकॅनन बाई उतरल्या. बुटक्या, केस पांढरे, सपाट बूट, काखेत फाइल. पद्माकर सावधानमध्ये उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दोन दोऱ्या ओढल्या. बाईंच्या डोक्यावर पाकळ्या, एका खांबावर राणीचा सिंह आणि शेजारी युनियन जॅक, डोक्यावर उभा.

बाईंनी वर बघितलं. केसांतली पाकळी काढली. मी खालचा ओठ दातात धरून उभा.

"माझे वडील आरमारात होते," त्या म्हणाल्या. "समुद्रावर हा झेंडा असा उलटा दिसला की समजायचं, जहाज बुडतंय, मदतीला या. तुमच्या प्रोजेक्टबद्दल हेच कळवायचंय का?"

पद्माकरच्या हातात दोऱ्या तशाच होत्या.

वर कॉन्फरन्स रूममध्ये बाईंनी आम्हा दोघांना बसवलं. "झेंडे कुणाचं काम?"

"सुधीरचं," पद्माकर पटकन म्हणाला.

मी ह्याचीच वाट बघत होतो. खिशातून मेलचा प्रिंट काढला, त्याचं उत्तरही. दोन्ही कागद बाईंपुढे ठेवून एकेका ओळीचं इंग्रजी करून सांगितलं. पद्माकरचा चेहरा कालच्या ढोकळ्यासारखा झाला. मी आतल्या आत फुगड्या घालत होतो. वाटलं, झालं! अन्वीचं आबिटूर झालं.

बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही सोमवारी लिहिलंत. झेंडा उलटा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"उघडल्यावर, मॅडम. तुमच्यासोबतच."

"साफ खोटं!" पद्माकर मराठीतच ओरडला आणि मग इंग्रजीत. "मी ह्याला सकाळी विचारलं होतं!"

"सगळ्यांसमोर उताणे पडलात म्हणून आता काहीही बोलताय," मी म्हटलं.

तेवढ्यात दारावर टकटक. हेर कुंकेल. झेंडे उतरवू का, विचारायला आलेला. बाईंनी त्याला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, सकाळी तुम्ही होता का?

"आल्झो," कुंकेल टोपी काढून म्हणाला, "भाषा मला कळत नाही. पण ह्या साहेबांनी झेंडा असा धरला, तसा धरला, आणि ह्यांना विचारलं. हे हसले."

"किती वाजता?"

"आठ."

"गेनाऊ आठ?" म्हणजे बरोब्बर आठ?

"गेनाऊ."

बाई माझ्याकडे वळल्या. "आठ ते दहा. दोन तास तुम्ही काय केलंत?"

मला नेहमी काहीतरी सुचतं. तेव्हा फक्त कॉफीच सुचली, आणि तीच तोंडातून निघाली. "कॉफी घेतली, मॅडम."

"मिस्टर देवस्थळी मूर्खासारखं वागले," त्या म्हणाल्या. पद्माकर समोरच होता, तरी. "अशा माणसाकडून काम करून घेता येतं. जवळ उभं राहून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. पण चूक दिसल्यावर ती नीट वर चढेपर्यंत थांबणारा टेस्टर? तो मी ठेवत नाही. उद्या माझे पैसे बुडताना तुम्ही कॉफी पीत बसाल."

"मॅडम, हा ह्याच्या-माझ्यातला..."

"झेंडा माझा होता."

त्यांनी माझा मेल फाइलमध्ये घालून घेतला. मीच दिलेला पुरावा, छान टाइप केलेला.

बाहेर पॅसेजमध्ये पद्माकर म्हणाला, "बोला आता."

"पाकळ्या मात्र सुंदर पडल्या," मी म्हटलं.

"जा पुण्याला. तिथे झेंडे लावा."

घरी जाऊन सगळं सांगितलं. सिंह उघडला तिथपर्यंत सांगताना मला हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, अजूनही आवरत नाही. माझी बायको वसुधा हसली नाही. अन्वी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती.

"उंट माइन आबी?" ती म्हणाली. आणि माझी परीक्षा?

"बघू ना काहीतरी."

"पापा, सकाळी एक शब्द बोलायचा होता तुला. एक." हे मात्र मराठीत. शिकवलेलं नसताना.

ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

वसुधाने कपाटातून व्हिशांची फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि एकेक कागद वेगळा करायला लागली. तिचे आणि अन्वीचे एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला.

"उद्या आउसलेंडरआम्टमध्ये, व्हिसाच्या ऑफिसात जाते," ती म्हणाली. "परीक्षेपर्यंत आम्हा दोघींना राहता येतं का विचारते."

"मीही येतो."

"तुम्ही येऊ नका. मी चुकीचा फॉर्म भरला तर तिथेही गंमत बघत बसाल."