बिननंबरी देवराई

आभाने तीन वर्षं ज्या झाडांवर जीव टाकला, त्यातल्या एकाही झाडावर त्या सकाळी बिल्ला उरला नव्हता. पळस्प्याहून डोंगराकडे आत वळलं की ही देवराई लागते. झाडं दोनशे बारा, आणि दर झाडाला तिने पत्र्याचा नंबर ठोकलेला. दिवाळी उलटली की खांदा कॉलनीतून स्कूटर हाकत यायचं, खोडाला टेप लावायची, कोण किती वाढलं ते वहीत मांडायचं. आता नंबरच नाहीत म्हटल्यावर कुणाचा आकडा कुणाला लावणार? तीन वर्षांचं संशोधन गेलं मातीत.

बरं, चोर शोधायचीही गरज नव्हती. गावातली गंगाबाई वाटेवरच उभी होती, पायाशी बिल्ल्यांनी भरलेली पाटी घेऊन.

"आमीच काढले," ती म्हणाली. "सगल्या गावानं."

आभाचं डोकंच फिरलं. "अहो मावशी, विचारायचं तरी. ही झाडं टिकावीत म्हणूनच मोजते ना मी?"

"मोजनी हाय, असं त्ये बी म्हनले होते."

ते म्हणजे रस्त्याचं काम करणारे. पाच वर्षांपूर्वी गावाच्या तोंडाशी आंब्यांची रांग होती. साहेबलोक आले, खोडांवर पांढरे आकडे रंगवू लागले. गंगाबाईने त्यांना पाणी दिलं, वर झाडीत दडलेले दोन आंबे आपण होऊन दाखवले. महिन्याभरात सगळे आंबे आडवे. आभाचे बिल्ले गावाने तीन वर्षं कसेबसे सोसले, पण गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात पुन्हा रंगाचे डबे दिसले आणि धीर सुटला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, यात त्यांचं काय चुकलं?

आभाला लाज वाटली. गावाला तिने झाडांची नावं विचारली होती, पाणी मागून प्याली होती, पण हे नंबर कशाला ते कधी सांगितलंच नव्हतं. ती खडकावर बसली आणि आता सगळं सांगितलं.

गंगाबाईने पाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "वहीत काय लिवलंय त्ये वाच."

"सत्तेचाळीस. बेहडा. घेर एकशे ऐंशी. ढोलीत पोपट."

बाई चालायलाही लागली, ती थेट बेहड्याशी थांबली. आभाने टेप लावली. एकशे ब्याऐंशी. तिचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी आणखी बाया आल्या, कारण सगळी झाडं एकटीला थोडीच ठाऊक असणार? जिची रोजची वाट जिथून, तिथली झाडं तिच्या ओळखीची. आभा वाचायची, बाया झाड दाखवायच्या, आणि चुकलं की एकमेकींची यथेच्छ खेचायच्या. तीन रविवारांत दोनशे अकरा झाडं जुळली. बिल्ले परत ठोकायचं आभाने नावही काढलं नाही. वहीत तिने नवा रकाना आखला: कोण ओळखते. दर झाडापुढे एकेका बाईचं नाव. फक्त गंगाबाई स्वतःचं नाव लिहू देईना.

"माजं नको," ती म्हणाली. "मी दावलेली झाडं जगत नाय."

आभाने तिच्या झाडांपुढचा रकाना कोरा सोडला. तिने वही मिटली. "आता दोनशे बारावाच राहिला, असाणा. तो सोडा, वादळात मोडलाय. मी मेलेला लिहिलाय."

"कोन म्हनतं मेला?"

बाई आभाला ओढ्याकाठी घेऊन गेली. अर्ध्यातून मोडलेलं खोड, वर एक पान नाही. गंगाबाईने कमरेची कोयती काढली आणि टोकाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं, ओलं. खोडामागे मुळाशी दोन कोंब फुटले होते.

आभाने 'मेलेला' हा शब्द खोडला. गंगाबाई वहीत वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्याच्याम्होरं माजं नाव लिव," ती म्हणाली.